कापलेली कड

बुधवारी छापखाना बंद असायचा, आणि बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ती प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या फाटकाशी हजर असायची. खांद्याला कॅमेरा, पिशवीत पाण्याची बाटली, एक वही, दोन पेन्सिली. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर माणसाला सुट्टीच्या दिवशी असं काहीतरी बघावंसं वाटतं, की ज्यात चूक काढावी लागत नाही. म्हणून ती प्राणी बघायची. एकेका फोटोची वहीत नोंद करायची: तारीख, वेळ, उजेड, वारा. चार वर्षांत तिथले रखवालदार तिला ‘फोटोबाई’ म्हणू लागले होते, आणि प्राण्यांच्या डॉक्टरबाई अधूनमधून तिच्याकडून फोटो मागून घेत होत्या.

त्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंनी गिबनचं काम दिलं. गिबन म्हणजे लांब हातांचं, बिनशेपटीचं माकड. नर काळा कुळकुळीत, मादी फिकट सोनेरी. एकदा जोडी जमली की आयुष्यभर टिकते, आणि रोज सकाळी दोघं मिळून गातात. एक तान त्याची, एक तिची. इथली मादी उन्हाळ्यात मेली होती. तेव्हापासून नर एकटाच गायचा. आपली तान घ्यायचा, मग तिची तान जेवढी लांब असायची तेवढा वेळ गप्प बसायचा, मग पुढची घ्यायचा. खाणं त्यानं जवळजवळ सोडलं होतं.

“दुसरी मादी आणलीय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शेजारच्या पिंजऱ्यात ठेवू. मधे जाळी. आठवड्यातून एकदा तुम्ही फोटो काढा. दोघं जाळीला टेकून बसतात का, एकमेकांचे केस विंचरतात का, एवढंच मला हवंय. विंचरायला लागले की मधलं दार उघडायचं. घाई केली तर तो तिला फाडेल, उशीर केला तर तो उपाशी मरेल.”

त्या पिंजऱ्यांचा रखवालदार साठीला आलेला होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. नराचं नाव त्यानं ठेवलं होतं राव. माद्यांना तो नाव घेऊन हाक मारत नसे. मेलेली ती ‘आधीची’, आणि ही ‘नवी’.

“बघा की फोटोबाई,” पहिल्याच बुधवारी तो म्हणाला, “कशी कोपरा धरून बसलीय. अगदी सासरी आल्यासारखी.”

फोटोबाई हसली. घरी तिची नणंद तिला अजूनही ‘नवी वहिनी’ म्हणायची. नवऱ्याची पहिली बायको आजारानं गेली होती, त्यानंतर दोन वर्षांनी हिचं लग्न झालं, त्यालाही आता सहा वर्षं होत आली होती. “या घरातला फ्रिज जुना झाला, मी काही होत नाही,” असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. तो चष्म्याचं दुकान चालवायचा आणि मोजकं बोलायचा. “बरंय की,” तो म्हणाला होता, “वॉरंटी अजून चालू आहे.”

गिबनांची हिवाळी खोली विटांची होती. वर काच लावलेला हातभर झरोका, भिंतीत लालसर तापलेला हीटर. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागायची. ओल्या गवताचा, मुताचा आणि काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास नाकात बसायचा तो घरी जाऊन अंघोळ करेपर्यंत. वाऱ्याला आत यायला वाटच नव्हती. तिनं वहीत तसं लिहिलं होतं: ‘वारा नाही.’

दुसऱ्या बुधवारी राव जाळीजवळच्या फळीवर येऊन बसला. जाळीकडे पाठ, मान खाली, एक हात वर करून दोराला धरलेला, दुसरा गुडघ्यावर. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. तिनं एकामागोमाग तीसेक फोटो घेतले. अंधारात डोळ्यांना नुसता एक काळा गोळा दिसत होता.

दुपारी घरी तिनं ते फोटो संगणकावर मोठे करून बघितले. अकराव्या फोटोत रावाच्या पाठीवरच्या काळ्या केसांत एक बारीक पांढरी रेघ होती. भांग पाडावा तशी. केस दोन्हीकडे नीट सारलेले आणि मधे कातडी. बाराव्या फोटोत ती रेघ बोटभर खाली आली होती. तेराव्यात आणखी खाली. सतराव्यात ती मिटली होती, आणि मानेजवळ दुसरी सुरू झाली होती.

तिनं रावाचे हात शोधले. एक दोरावर, एक गुडघ्यावर. मग ‘नवी’ला शोधलं. ती फोटोच्या डाव्या कडेला होती, आपल्या पिंजऱ्याच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून. जाळीपासून चांगली आठ-दहा फूट लांब.

वहीत तिनं लिहिलं: ‘दोन्ही हात दिसतात. नवी कोपऱ्यात.’ त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. थोड्या वेळानं ते खोडरबरानं पुसलं.

तिसऱ्या बुधवारीही तेच. डॉक्टरबाईंना फोटो द्यायचे होते, म्हणून ती निवडायला बसली. त्या भांगाचा एक फोटो फार सुरेख आला होता. झरोक्याचा उजेड पाठीवर नेमका पडला होता, केस न् केस मोजावा. फक्त डाव्या कडेला ‘नवी’चा धुरकट ठिपका मधेच डोळ्यांत खुपत होता. तिनं ती कड कापली. फोटो चांगला दिसावा म्हणून कापली, असं तिला वाटलं. किंवा तसं तिनं वाटून घेतलं.

संध्याकाळी ती फोटो घेऊन गेली तेव्हा डॉक्टरबाई टेबलाशी उभ्यानंच चहा पीत होत्या. तो फोटो दिसताच त्यांनी कप खाली ठेवला.

“अरे वा. हे बघा, विंचरतेय ती त्याला. जाळीतून बोटं घातलीत. बोटं आलेली नाहीत फोटोत, पण भांग बघा ना कसा पडलाय.”

फोटोबाईनं तोंड उघडलं. ‘नवी तिथं नव्हती,’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तिथं कोण होतं? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, नवीचं एकदाचं जमावं असं तिला फार वाटत होतं.

“चांगला आलाय फोटो,” ती म्हणाली.

“मग उद्याच उघडू दार,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून ती आली. मामानं साखळी ओढली, मधलं दार वर गेलं. नवी बराच वेळ हललीच नाही. मग भिंतीला घासत, एकेक पाऊल टाकत रावाच्या पिंजऱ्यात गेली आणि खालच्या फळीवर बसली. रावानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो वर चढला आणि गायला लागला. आपली तान घेतली. थांबला.

ती जागा आता नवीनं भरायची होती. डॉक्टरबाई हातातल्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. नवीनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तिनं वर पाहिलं, रावाकडे नव्हे, रावाच्या शेजारच्या रिकाम्या फळीकडे. मग दोन्ही हातांनी डोकं झाकून ती गवतात शिरली.

“लाजतेय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “भांडण तर नाही ना, मग झालं. राहू दे दार उघडं.”

मामा फोटोबाईकडे बघत होता.

शुक्रवारी सकाळी छापखान्यात तिला निरोप आला. नवी मेली होती. नोंदीसाठी फोटो हवे होते.

ती पोचली तेव्हा नवीला पोत्यावर निजवलं होतं. अंगावर चाव्याची खूण नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता. पण मानेपासून खांद्यांपर्यंत एकही केस उरला नव्हता. कातडी सोललेल्या कोंबडीसारखी दिसत होती.

“ताण,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. “स्वतःचेच केस उपटतात कधीकधी. हृदय बंद पडलं असणार.”

“मानेमागचे उपटतात?” मामानं विचारलं.

“हात लांब असतात मामा त्यांचे. पोचतात.”

डॉक्टरबाई कागद आणायला गेल्या. फोटोबाईनं फोटो काढले. मग मामानं तिला आत बोलावलं आणि वरची फळी दाखवली. सोनेरी केस तिथं होते. विखुरलेले नव्हते. एकाशेजारी एक, सगळ्यांची टोकं एका दिशेला करून, निगुतीनं ठेवलेले होते.

“मामा,” ती म्हणाली, “तो फोटो… मी कड कापली होती. नवी जवळ नव्हती. लांब कोपऱ्यात होती.”

“ठाऊक आहे मला.”

“म्हणजे?”

“रोज झाडायला मीच येतो ना आत.” मामा खालच्या आवाजात बोलत होता, दाराकडे नजर ठेवून. “आधीची गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बघतोय. तो पाठ करून बसतो, आणि केस आपोआप… मी कुणाला सांगणार? म्हणतील, मामा प्यायलाय. म्हटलं फोटोबाईंच्या फोटोत येईल. कागदावर आलं की साहेबलोक मानतात. बाई सगळं बारीक बघतात, त्या बोलतील.” तो तिच्याकडे वळला. “काल शेवटपर्यंत तुमच्या तोंडाकडे बघत होतो मी.”

तिनं मान वर केली. वरच्या दोरावर राव लोंबकळत होता. हातात अर्धं केळं होतं, आणि तो ते चवीनं खात होता. किती महिन्यांनी.

“घरी जा,” मामा म्हणाला. “आणि बाई… तुम्ही आता इथं नका येऊ. हे मी तुमच्या बऱ्यासाठी सांगतोय. तुम्ही आत आलात की तो तुमच्याकडं बघत नाही. तुमच्या मागं बघतो.”

ती छापखान्यात परत गेली नाही. बसथांब्यावर तीन बस सोडल्या, आणि मग चालतच निघाली. नवऱ्याला सगळं सांगायचं तिनं ठरवलं. तो हसला असता, निदान बोलला तरी असता. दुपारी एक ते चार दुकान बंद, तो घरीच असणार. त्या माणसाशेजारी बसून एक कप चहा प्यावा, एवढीच इच्छा तिच्यात शिल्लक होती.

जिना चढून तिनं कुलपात किल्ली फिरवली. अडीच वाजले होते. घर शांत होतं. पडदा ओढलेला होता आणि खोलीत मळकट पिवळा उजेड होता. नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, दाराकडे पाठ करून. मान किंचित पुढे झुकलेली. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला.

तिनं अजून चपला काढल्या नव्हत्या. हाक मारायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला. झोपेतून बोलावं तसा, जड आणि सुखावलेला आवाज.

“थांबलीस का?”

सहा वर्षांत तिनं कधी त्याच्या केसांतून हात फिरवला नव्हता. त्याला ते आवडत नाही, असंच ती धरून चालली होती.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. किल्ली वाजू नये म्हणून मूठ घट्ट मिटली. आपण आलोय हे त्याला सांगावं की सांगू नये, हे तिला ठरवता येईना. सांगितलं तर तो वळून बघेल. आणि मग खोलीत आणखी कोण वळेल…

नवऱ्याचं डोकं हळूच डावीकडे कललं. कानामागची जागा मोकळी करून द्यावी, तसं.

“हां…” तो म्हणाला. “तिथंच.”