ओव्याचं तेल

मोतीबिंदू डोळ्यात, आणि डॉक्टर मागतो छातीचा कागद. प्रयागबाईला हे काही पटलं नाही, पण कागदाशिवाय ऑपरेशन नाही म्हटल्यावर ती तयार झाली. छातीला तारा लावून यंत्र एका पट्टीवर ठोके काढतं, दुखत नाही, एवढं सुनेनं समजावलं. अंघोळ करून या, तेल-मलम काही लावू नका, असा फोनवर निरोप होता. म्हणून ज्योत्स्नानं सकाळी सासूची पाठ-छाती स्वतःच्या हातानं साबणानं घासली, आणि दोघी रिठदहून जीपनं रिसोडला आल्या.

दवाखान्याची खोली लहान होती. खिडकीला हिरवा पडदा, पत्र्याचा पलंग, वर पंखा. यंत्रावरची मुलगी, नमरा, बोलकी होती. आजी, अंगावरचं सारं धातूचं काढा म्हणाली. पाटल्या निघाल्या, कानातली फुलं निघाली. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला मात्र प्रयागबाईनं मुठीत धरून ठेवलं.

दोऱ्यात चांदीचा टाक होता, रुपयाएवढा, त्यावर बाईची कोरलेली आकृती. तो सवतीचा टाक. पहिली बायको मेली की दुसरीनं तो गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग आपण नेसायचं. मेलेलीचा मान आधी. प्रयागबाईची सवत म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, भागिरथा. पंचेचाळीस वर्षांत तो टाक एकदाही उतरला नव्हता.

"आजी, दोन मिनिटांचं काम हाये. पळून नाई जात तुमची चांदी," नमरा हसली.

ज्योत्स्नानं दोरा डोक्यावरून काढला आणि टाक पदराला बांधला. प्रयागबाईची मान हलकी झाली. इतकी हलकी की तिला बरं वाटलं नाही.

हातापायांना चिमटे लागले. मग नमरानं छातीवर रबरी फुगा दाबला. तो घसरून फरशीवर पडला. पुन्हा दाबला, पुन्हा पडला.

"तेल कायले लावलं आजी? सांगतलं होतं न."

"नाई लावलं."

"मग हे काय?" नमरानं बोटं दाखवली. चकाकत होती.

ज्योत्स्ना शपथेवर सांगायला लागली की मीच धुतलंय, सकाळपासून नखभर तेल नाही. नमरानं स्पिरिटचा बोळा फिरवला. कापूस पिवळा झाला. दुसरा फिरवला, तोही पिवळा. तिसऱ्या बोळ्याबरोबर वास आला. जवसाच्या कोमट तेलात ओवा टाकला की येतो तो.

प्रयागबाईनं डोळे मिटले. मोतीबिंदूपलीकडे तसंही फार दिसत नव्हतं, पण मिटल्यावर सारंच दिसलं.

ती तेव्हा सतरा वर्षांची. बहीण बाळंत झाली म्हणून मदतीला आलेली. राजू सहा महिन्यांचा. जानराव आणि घरचे सारे खळ्यावर, घरात दोघी बहिणी आणि पाळणा. टळटळीत दुपार. भागिरथानं चुलीवर तेल कोमट केलं, ओवा टाकला, वाटी घेऊन भिंतीला टेकली आणि हाक मारली. पया, छाती धरून राह्यली, जरा चोळून दे. प्रयाग पाठ करून पडली होती. सकाळपासून पाणी वाहून अंग मोडलेलं. मनात आलं, ही रोजच कण्हते, रोजच नखरे. दुसरी हाक आली. तिसरी आली, बारीक. प्रयागनं श्वास लांब केला, झोपलेल्या माणसाचा.

संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली होती. थंड.

मले झोप लागली होती, हे तिनं तेव्हा साऱ्यांना सांगितलं. जानरावला सांगितलं, त्याच्याशी लग्न लागलं तेव्हाही तेच, तो मेला तेव्हाही तेच. राजू मोठा होऊन आईबद्दल विचारायला लागला, तेव्हा त्यालाही.

आता छातीवर कोणीतरी चोळत होतं. सावकाश, गोल गोल. तळवा ऊन होता. बोटं मोजता येत होती, तीन पुरी आणि करंगळी अर्धी. भागिरथाची करंगळी कडबा कापायच्या अडकित्त्यानं लहानपणीच तोडली होती.

"बाई..." प्रयागबाई पुटपुटली, थोरल्या बहिणीला म्हणायची तसं. "बाई, सोड. मी आयकलं होतं... तिन्ही हाका आयकल्या. मी जागी होती."

फुगा चिकटला. मग दुसरा, मग सहाही. यंत्रानं कुरकुरत पट्टी बाहेर काढली.

नमरा म्हणाली, "आता कसं नीट आलं." डॉक्टरानं पाहून सांगितलं, काळीज ठणठणीत आहे, खुशाल ऑपरेशन करा. ज्योत्स्नानं टाक पुन्हा सासूच्या गळ्यात घातला.

परतीच्या जीपमध्ये ज्योत्स्नानं सासूचा पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, जागी होती म्हंजे... कवा?"

प्रयागबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. सोयाबीनची रानं धूसर पळत होती. एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दापलीकडे राजू उभा होता, तिला माय म्हणणारा, आणि दुसरं लेकरू तिला झालं नव्हतं.

"काई नाई व. गुंगीत बरळली असन."

फाट्यावर राजू घ्यायला आला होता. त्यानं हात देऊन तिला उतरवलं, रिपोर्ट विचारला, आणि मधेच थांबून नाक वर केलं.

"माय, हा वास कायचा? लहानपणी आपल्या घरात येत जाय... मी कोनाले बोललो नाई कधी."

प्रयागबाईचा हात गळ्याकडे गेला. टाक जागेवर होता, गार. त्याच्या खाली, चोळीच्या आत, तो ऊन तळवा परत आला होता. या खेपेला चोळत नव्हता. नुसता टेकला होता, आणि थांबला होता. राजू उत्तराची वाट पाहत होता तसाच.

तीन बोटं पुरी, करंगळी अर्धी.