धक्क्यावरची शेवटची जागा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मधे कोणी तोंड घालू नका. मरहून माझ्या मेहुण्याचा थोरला मुलगा. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. मरहूनची आपल्या बंदराचा शाहबंदर, म्हणजे मुख्य कारभारी, म्हणून नेमणूक झाली होती. कागद मस्कतहून आला होता, पण आपल्याकडे नुसत्या कागदाला कोण भीक घालतो? पूर्वी सुलतानाचा हुकूम आला, तरी नाखवे नव्या शाहबंदराच्या हातची कॉफी प्यायल्याशिवाय त्याला मानत नसत. ही कॉफीची बैठक शुक्रवारी सकाळी ठरली होती. म्हणून मरहून संध्याकाळीच खजूर, कॉफी आणि वेलदोडे घेऊन धक्क्यावरच्या जुन्या कचेरीत गेला. झाडलोट करायची, किटली घासायची आणि घरी यायचं, एवढंच काम होतं.

मरहून हा नासिरचा नातू. नासिर आपला शेवटचा जुना शाहबंदर. एका वादळात त्यानं धक्क्यावरची शेवटची जागा स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवली आणि आसऱ्याला आलेलं परकं गलबत परत पाठवलं. ते बंदराच्या तोंडाशीच बुडालं. गावात तो विषय कोणी काढत नाही.

अंधार पडला तसा वारा सुटला, मग पाऊस. मरहून घरी गेलाच नाही. त्याचा धाकटा भाऊ शामिस अजून समुद्रात होता. धक्का गलबतांनी भरून गेला होता, एकच जागा मोकळी होती, आणि ती शामिसची असं मरहूननं मनाशी धरलं होतं. तो कॉफी उकळत ठेवायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. जिवाला चैन नव्हती.

एक म्हातारा आत आला. सलाम करून बसला. मरहूननं पेला भरून त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो ओठाला न लावता समोर ठेवला.

आता पाहुण्यानं पेला न पिता खाली ठेवला की तो काही मागायला आलाय, हे आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मागणं ऐकायच्या आधी यजमानानं हो म्हणायचं, नाहीतर खानदानाचं नाक कापलं जातं.

"प्या काका. जे हवं ते दिलं," मरहून सवयीनं बोलून गेला.

म्हाताऱ्यानं पेला संपवला. "धक्क्यावर एक जागा आहे. ती माझ्या गलबताला."

मरहून खिडकीकडे वळला. "कुठंय तुमचं गलबत?"

"बंदराच्या तोंडाशी. फार दिवस..."

म्हातारा उठून दाराकडे गेला. दार वाजलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि तो बसला होता ती चटई कोरडी ठणठणीत होती.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"दादा, शामिस बोलतोय. मशीन धापा टाकतंय. पाणी आत येतंय. जागा आहे ना?"

"जागा... दिलीय रे."

"कोणाला? रिकामी दिसतेय मला इथून. चेष्टेची वेळ आहे का ही? माझे खलाशी दुवा मागतायत इकडे."

मरहून खिडकीशी गेला. जागा रिकामी. पण सगळीकडे लाटा उसळत होत्या, आणि तेवढ्या जागेत... पाणी दबलेलं होतं.

"दादा?"

नको म्हणावं, तर भाऊ जातो. ये म्हणावं, तर आजोबांनी केलं तेच...

"दादा, बोल ना."

धक्क्याला जागा नसली की दुसरं गलबत पहिल्याच्या कुशीला बांधतात. खलाशी पहिल्याच्या डेकवरून जमिनीवर उतरतात. रोजची रीत. मरहूनला तेवढंच सुचलं.

"शामिस, आत ये. धक्क्याला लागू नकोस. मधे गलबत उभं आहे असं समज. त्याच्या कुशीला बांध."

"मधे कुठे काय..."

आवाज तुटला.

मरहून उभाच राहिला. वारा. पाऊस. मग काहीच नाही...

दार धडकलं. शामिस. मागे त्याचे सगळे खलाशी, भिजून चिंब. मरहूननं त्याला मिठीच मारली. दोघेही रडले, त्यात लाज कसली.

"शेजारचा म्हातारा नाखवा भला माणूस," शामिस म्हणाला. "जवळ आलो तेव्हा दिसलं त्याचं गलबत. दिवा नाही, काही नाही. दोर त्यानंच झेलला. एकेकाचा हात धरून डेकवरून उतरवलं. हात मात्र बर्फासारखा होता रे."



उजाडलं. नाखवे कॉफीला आले, पण कचेरीत कोणी शिरेना. सगळे धक्क्यावर उभे. मीही होतो.

शामिसचं गलबत धक्क्यापासून लांब उभं होतं. मधे एका गलबताची जागा. तिथे नुसतं पाणी. आम्ही सगळ्यांनी दोर टाकून ओढलं. ते तसूभर जवळ येईना.

शेजारच्या गलबतावर आपटू नये म्हणून त्याच्या कडेला टायर टांगलेले होते. धक्क्याकडच्या बाजूचे. सगळेच्या सगळे दबून चपटे झाले होते.