माळ्यावरचा बंब

कंडक्टर खाली उतरला, शिवकन्येच्या शेजारच्या गाठोड्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, हे धूड न्हाई चढायचं गाडीत. पोरं कुठं उभी करू?"

बस सेलूकडे निघून गेली. देवगाव फाट्यावर उडालेली धूळ हळूहळू खाली बसली, आणि शिवकन्या तशीच उभी राहिली. शेजारी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तांब्याचा बंब. घरून निघताना रिकामा केला होता, तरी तळाशी राहिलेलं पाणी ठिबकतच होतं.

"गळायलाय का?"

तिनं वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक पिकअप थांबला होता. खिडकीतून डोकावणाऱ्या माणसाच्या गळ्यात लोकरी मफलर होता आणि चेहऱ्यावर हसू अजून आलं नव्हतं, पण येण्याच्या बेतात होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नवा बंब लुगड्यात गुंडाळून कोणी नेत न्हाई. अन् तुमची चप्पल भिजायलीय."

तिनं खाली पाहिलं. खरंच भिजली होती.

त्याचं नाव योगीराज. वालूरचा. सेलूत त्याचं भांड्यांचं दुकान होतं आणि तो कुणाच्या तरी लग्नाची भांडी पोचवून परत चालला होता. बंब मागं चढवताना त्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि तो थबकला.

"आतून इतका लख्ख? आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला बंबात बोटभर खार धरतो."

"मीच काढला. लिंबूसत्व टाकून." गाडी सुरू झाल्यावर तिनं सांगितलं. "खाराचा थर असला की पाणी तापायला जळण जास्त लागतं. म्हणून साफ केला, आणि दुसऱ्या दिवशीपासून गळायला लागला."

आता मात्र तो मोकळा हसला. "म्हणजे बंब तुमीच फोडला की!"

"फोडला नाही. भोकं आधीचीच होती. खारानं बुजवली होती, मी फक्त ती उघडी केली."

"काय शिकवता तुमी?"

"केमिस्ट्री. ज्युनियर कॉलेजला." मग जरा थांबून — "का?"

"उगं. बोलण्यावरून वाटलं."

दुकानात त्यानं बंब पाण्यानं भरला, कोरड्या फडक्यानं बाहेरून पुसला आणि दोघंही ओल कुठं उमटते ते बघत बसले. मधल्या नळीच्या जोडावर, जिथं रोज कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ लागत होता, तिथं एक बारीक थेंब धरला.

"डाग देऊन झाळता येईल," तो म्हणाला. "पण खरं सांगतो, पत्रा पातळ झालाय. आणखी दोन हिवाळे काढंल. नवा घेतला तर चिंता मिटंल. मी दुकानदार हाय, मला तर नवाच विकायला आवडंल."

"नवा आहे घरी."

"मग हा कामून आणला?"

"नवा माळ्यावर आहे. माझ्या लग्नासाठी घेतलेला."

तो तोटी पुसत होता. आधीच चकाकणारी तोटी तो पुन्हा पुसायला लागला.

"कधी हाय... लग्न?"

"नाही झालं. साखरपुड्यानंतर त्यांनी नोकरी सोडायला सांगितलं. मी सोडली नाही." तिनं हे इतकं सरळ सांगितलं, जणू प्रयोगाचा निष्कर्ष. "लग्नाच्या भांड्याला आधी पाणी लागू द्यायचं नाही, असं आई म्हणते. म्हणून नवा तसाच ठेवायचा आणि जुना दुरुस्त करत राहायचा."

योगीराजनं काहीच विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं तिला फार आवडलं. परतीच्या वाटेवर तिच्या ते लक्षात आलं.

त्यानं जोड झाळून दिला. चार दिवसांत बंब दुसरीकडून गळायला लागला. शिवकन्येनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आणू नका, मीच येतो रविवारी." मग पुढच्या रविवारीही आला. अंगणात बंब आडवा पडलेला, शेगडीत कोळसे फुललेले, आणि शिवकन्या मोबाईलचा उजेड नळीत धरून बसलेली. जानेवारीची थंडी, झाळण्याचा तिखट वास, आणि त्या अरुंद नळीत एकाच वेळी डोकावणारी दोन डोकी...

कस्तुराबाईनं, तिच्या आईनं, पहिल्या वेळी त्याला चहा दिला. दुसऱ्या वेळी जेवायला बसवलं. "लेकरा, नीट करून दे बाबा. हा चालला की तो माळ्यावरचा सुखानं राहील." वडील, दत्तराव, खाटेवरून सगळं ऐकायचे आणि तूर सोलत राहायचे.

शिवकन्येचं मात्र लक्ष होतं. हा माणूस दर वेळी एकच भोक बुजवून निघून जात होता. दुकानात कसा सगळा बंब फडक्यानं पुसून तपासला होता!

"एक विचारू?" तिसऱ्या रविवारी ती म्हणाली. "बंब भरून सगळी भोकं एकदमच का शोधत नाही?"

त्याच्या हातातला चिमटा थांबला.

"एकदम सापडली तर..." त्यानं निखाऱ्यांकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी काय करू, मॅडम?"

तिला हसू आलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शेगडी जवळच होती, पण शेगडीचा त्यात काही दोष नव्हता.

त्या दिवशी तो गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. त्याचं येणं तिला हवं होतं. पण ते एका गळक्या जोडावर टांगलेलं नको होतं. आणि आपलं जगणंही माळ्यावर बांधून ठेवलेलं नको होतं — कुणीतरी येईल, मग पाणी भरायचं, मग जाळ घालायचा. गरम पाणी आज लागतं. आज थंडी आहे. इतकी साधी गोष्ट तिला इतक्या उशिरा कळली, याचं तिला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी योगीराज अंगणात आला तेव्हा शिवकन्या शिडीवर होती. नवा बंब तिच्या दोन्ही हातांत होता आणि खाली कस्तुराबाई कपाळाला हात लावून उभी होती.

"बघ रे बाबा, हिला काय अवदसा आठवली! लग्नाचं भांडं कोणी असं काढतं का?"

"आई, भांडं आहे ते. पाणी तापवायला घेतलंय." ती खाली उतरली. "माझं लग्न व्हायचं तेव्हा होईल. नाही झालं तरी तू गरम पाण्यानं अंघोळ कर."

"अन् झालं तर काय देऊ? लोक म्हणतील, एकुलत्या एक पोरीला बंबबी दिला न्हाई!"

योगीराज जुन्या बंबाजवळ जाऊन उकिडवा बसला होता. बंबाच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी 'कस्तुराबाई' असं नाव कोरलं होतं. त्यावरची राख त्यानं अंगठ्यानं पुसली.

"काकू, हा द्या."

"हा गळका?"

"मी हाय की झाळायला."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. कानांपर्यंत लाल झाला. खाटेवर दत्तरावांच्या हातातली तुरीची शेंग तशीच राहिली.

शिवकन्येनं नवा बंब जमिनीवर ठेवला आणि योगीराजकडे पाहिलं.

"दोन हिवाळे म्हणाला होतात तुम्ही."

"पत्रा बदलता येतो. घरातच असला तर... रोज लक्ष राहील."

"माझी कॉलेजची गाडी सकाळी लवकर असते. नोकरी सुटणार नाही माझी."

"सोडा कोण म्हणायलंय? तुमी गाडी धरा. पाणी मी तापवतो."

तिनं हातांची धूळ झटकली. मग हलकेच, पण पुरतं स्पष्ट, "बरं," म्हणाली.

"बरं म्हणली का ती?" कस्तुराबाईनं नवऱ्याला विचारलं.

"म्हणली," दत्तराव म्हणाले आणि शेंग सोलली.

कस्तुराबाई आत गेली. आता रुसून बसणार, असं वाटेपर्यंत हळद-कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. नव्या बंबाला दोन बोटं लावली. मग जुन्याकडे वळली, स्वतःच्या नावावरून पदर फिरवला आणि त्यालाही लावली.

"आता भर पाणी," ती म्हणाली. "ह्याला गार पाण्यानं हात धुवायला लावू नको."

शिवकन्येनं नव्या बंबात कळशी ओतली. योगीराजनं पऱ्हाट्या मोडून नळीत सारल्या आणि काडेपेटी तिच्यापुढे धरली.

तिनं काडी ओढली.