हरभऱ्याहून लहान

अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या त्या वसाहतीत म्हातारे होते, तरुण होते. मग मुले कुठे गेली होती?

या प्रश्नाने ऊर्जिताच्या आजोबांची भूक हरवली होती. वसाहत सागरी साळूंची, म्हणजे समुद्रतळाशी राहणाऱ्या, अंगभर काट्यांच्या चेंडूसारख्या प्राण्यांची. आजोबांच्या 'डुबुक' या यंत्रमानवाने या उन्हाळ्यात तळाची वाळू चाळून त्यांची पहिली शिरगणती केली, आणि सर्वांत लहान साळू निघाला हरभऱ्याएवढा. वसाहत संपत आली, असा अहवाल आजोबांना संध्याकाळी पाठवायचा होता. तो गेला की बर्फावरचे त्यांचे संशोधन केंद्र बंद होणार होते. त्या मुक्या जिवांकडे पुन्हा कुणी पाहणार नव्हते.

सुट्टीत आलेली अकरा वर्षांची ऊर्जिता भाकरीसाठी पीठ चाळत होती. आजोबा बोलते व्हावेत म्हणून तिने विचारले, की साळूचे वय कसे ओळखतात? आजोबांनी हळूहळू सांगितले. गेल्या वर्षी काही साळूंना त्यांनी चकाकणाऱ्या रंगाच्या पाण्यात ठेवले होते. रंग कवचात मुरला. वर्षभरात त्याच्या बाहेर जी नवी कड आली, ती त्या वर्षाची वाढ. तिने साळूची रुंदी वाढली जेमतेम एक मिलिमीटर. थंडीत शरीराचे सारेच व्यवहार मंदावतात. म्हणजे लिंबाएवढा साळू चाळीस वर्षांचा, आणि हरभऱ्याएवढा आठ वर्षांचा.

"आठ वर्षांत एकही जन्म नाही, बाळ," आजोबा म्हणाले. "जुने मरतात, तितके नवे यावे लागतात. तरच वसाहत टिकते."

ऊर्जिताचा हात थांबला. चाळणीत कोंडा उरला होता. पीठ केव्हाच खाली गेले होते.

"आजोबा, डुबुकच्या चाळणीची भोकं केवढी आहेत?"

उत्तर डुबुकने दिले. "हरभऱ्याएवढी. त्याहून बारीक ते वाळूसोबत सोडून द्यावे, ही आपलीच आज्ञा. रत्नागिरीची."

आजोबांनी कपाळावर हात मारला. डुबुक त्यांनी रत्नागिरीच्या उबदार समुद्रासाठी घडवला होता. तिथले साळू काही महिन्यांतच हरभऱ्याहून मोठे होत. चाळणीतून निसटणारे थोडे, तेही थोड्या दिवसांपुरते. इथे मात्र आठ वर्षांचे बालपणच्या बालपण भोकांतून गळून गेले होते.

चक्का बांधायचा स्वच्छ पंचा ऊर्जिताने डुबुकच्या चाळणीवर ताणून बांधला. "आता मला श्रीखंडाचा वास येणार," अशी तक्रार करत डुबुक बर्फाच्या छिद्रातून खाली उतरला.

तो वर आला तेव्हा दोघे भिंगे घेऊन वाकले. ओल्या पंच्यावर मसुराएवढे, मोहरीएवढे, इवल्या काट्यांचे गोळे हलत होते. आजोबांनी मोजायला सुरुवात केली, आणि एकशे बाराच्या पुढे गेले तरी गोळे संपेनात.

अहवालातले जुने वाक्य त्यांनी खोडले. मग मोहरीएवढ्या एका साळूला रंगाच्या थेंबात बुडवून ते म्हणाले, "हा लिंबाएवढा होईल, तेव्हा तू पन्नाशीला टेकलेली असशील. मोजायला येशील ना?"

तेव्हा आजोबा नसतील, हे ऊर्जिताला कळले. मग तिने डुबुकला विचारले, "तू असशील का रे?"

"तेल घालाल तर," डुबुक म्हणाला.

मग ती वाकली आणि तो मोहरीएवढा साळू तिने अलगद पाण्यात सोडला.