डावा पिवळा, उजवा निळा

"मिस्त्री कुठायत?"

"तुमच्या समोर."

"नाही, म्हणजे... बल्ब लावणारे."

"लावणारे नाहीत, लावणारी आहे. चालत असेल तर बॉनेट उघडा. नसेल तर गाडी काढा, मागचा खोळंबलाय."

तिने मानसुद्धा वर केली नव्हती. दातांत वायरचं टोक, हातात पक्कड. मग ताज्या पावाचा वास आला... ग्रीस आणि जळक्या रबराच्या त्या दुकानात असा वास कधी येत नसे. तिने वर पाहिलं. बेकरीची व्हॅन, आणि व्हॅनला टेकून उभा असलेला तो. त्याच्या डाव्या भुवईत चिमूटभर पीठ अडकलं होतं.

"चालतंय," तो म्हणाला. "मिस्त्री म्हणू ना?"

"नाहीतर काय म्हणणार?"

बाजारात तिला सगळे 'फ्यूज' म्हणायचे. पटकन उडते म्हणून. मूर्ख लेकाचे! फ्यूज उडतो म्हणून गाडी जळायची वाचते. एवढंही ज्यांना कळत नाही ते गाड्यांच्या बाजारात बसून दुसऱ्याच्या पोरीला नावं ठेवतात. वडिलांचे, अण्णांचे, हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकानाची किल्ली तिच्या हातावर ठेवली. थोरल्या भावाच्या, दादाच्या, पोटात दुखलं. त्याने सगळ्यांसमोर बजावलं, "एक तक्रार येऊ दे, शटर भाड्याने देतो." पुरुषाच्या हातून वायर जळली तर वायर खराब. बाईच्या हातून जळली तर बाई खराब. दुनियेचा हिशेब असा नागडा आहे. तो तिला तोंडपाठ होता, म्हणून तिच्या हातून कधी काही जळत नसे.

पाववाल्याने खिशातून बल्बचा डबा काढला. "हे लावायचे. मित्राने दिलेत. एकदम निळे... समोरचा बघतच राहतो."

"बघत नाही, आंधळा होतो. डब्यावरचा आकडा बघा. आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळा. रोज जाता कुठे?"

"पहाटे पाव घेऊन डोंगरावरच्या वस्तीवर. धुकं असतं."

"धुक्यात निळे? मग बॉनेटवर चादर पांघरा की, तेवढंच दिसेल."

तो हसला. मोकळा, न चिडता. तिच्या बोलण्यावर लोक एक तर चिडत, नाही तर दात काढत. असं हसत कुणी नसे.

तिची एक रीत होती. शटर अर्धं ओढायचं आणि गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीसमोर उभं करायचं. दिवा कसा आहे ते चालवणाऱ्याला विचारू नये, समोरून येणाऱ्याला विचारावं, हे वडिलांचं शिकवणं. तिने डावीकडे आपला पिवळसर बल्ब बसवला, उजवीकडे त्याचा निळा.

"उभे राहा. आता सांगा, मी कुठून दिसते?"

ती दिव्यांच्या मागे, बॉनेटच्या कडेला उभी. तो उजवीकडे सरकला, डोळ्यांवर हात धरला. "इथून तर तुम्ही नाहीच आहात. नुसता झगझगाट." मग डावीकडे आला. हात खाली घेतला. "इथून... दिसता."

"काय दिसतं?"

"नाकावर ग्रीस."

तिने मनगटाने नाक पुसलं. ग्रीस गालापर्यंत पसरलं.

"आता जास्त छान दिसतंय," तो हळूच म्हणाला. "पिवळाच लावा, मिस्त्री. दोन्हीकडे."

आणि ती, जिच्या हातून स्क्रू कधी आडवा बसला नाही ती, त्याच्या भुवईतल्या पिठाकडे बघत राहिली. हे आता कुणीतरी पुसायला हवं... असं काहीतरी मनात आलं. बॉनेट धाडकन आपटलं. व्हॅन गेली. पावाचा वास मात्र संध्याकाळपर्यंत दुकानात रेंगाळला.

चूक उघडी पडली ती भलत्याच दिवशी.

दिवेलागणीची वेळ. दादा वडिलांना घेऊन दुकानात आला होता. शेजारचा टायरवाला खुर्ची ओढून बसला होता; फुकटचा तमाशा बघायला तो कायम हजर. तेवढ्यात कोपऱ्यावरून पाववाल्याची व्हॅन वळली. डावा डोळा पिवळा, उजवा निळा, आणि निळ्यावर बेकरीचा खाकी कागद चिकटवलेला.

टायरवाला खो खो हसला. "काय गं फ्यूज, ही नवी फॅशन का?"

उजवा बल्ब बदललाच नव्हता. तिने! गाडी बाहेर काढण्याआधी पुन्हा समोर उभं राहून बघायचं, तेही राहिलं होतं.

ती तरातरा व्हॅनपाशी गेली. "किती दिवस हिंडतोयस असा?"

"झाले चार-पाच..." तो खाली उतरला. "पहिल्याच पहाटे कळलं. निळ्या बाजूला धुक्याची भिंत, पिवळ्या बाजूला रस्ता. समोरच्याला त्रास नको म्हणून कागद लावला."

"आणि आला का नाहीस?"

"दुरुस्त झालं की इथे यायचं कारण संपलं असतं. म्हटलं, राहू दे थोडे दिवस."

"तुझं कारण टिकलं आणि माझी अब्रू गावभर टांगलीस! तिकडे उभाय तो माझा दादा. एक तक्रार आली की हे दुकान जाणार, कळतंय?"

त्याचा चेहरा उतरला. हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो सरळ दादासमोर जाऊन उभा राहिला. "यांची काही चूक नाही. मीच म्हटलं होतं, दोन रंगांचे लावा म्हणून..."

"खोटं बोलू नकोस," ती मागून ओरडली.

टायरवाल्याचा चहा ओठाशी थांबला.

"मला वाचवायला खोटं लागत नाही," ती म्हणाली. "दादा, चूक माझी. उजवा बल्ब बदलायचा राहिला. का राहिला तेही सांगते. याच्या भुवईत पीठ होतं आणि मी तिकडे बघत बसले. झालं समाधान? आता सगळे गाडीसमोर उभे राहा. अण्णा, तुम्हीपण."

बोलता बोलता तिने बॉनेट उघडलं. निळा बल्ब निघाला, पिवळा बसला. भिंतीवर दोन सारखे उजेड शेजारी शेजारी पडले, एकाच उंचीवर, रेघ मारल्यासारखे. कुणाच्याच डोळ्यांवर हात गेला नाही.

दादाने तोंड उघडलं. "पण अट ठरली होती..."

"अट गिऱ्हाइकाच्या तक्रारीची होती. आहे का रे तक्रार?" अण्णांनी पाववाल्याला विचारलं.

"आहे," तो म्हणाला. ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "दुरुस्ती फार लवकर झाली."

अण्णा खोकल्यासारखं हसले. "दादा, तुझी आई पहिल्यांदा या दुकानात आली ना, तेव्हा मी एकाच्या हॉर्नची वायर वायपरला जोडली होती. बिचारा हॉर्न दाबायचा आणि काच पुसली जायची. माझ्या दुकानाला शटर लागलं नाही त्यापायी. हिच्याही लागणार नाही. चल घरी."

दादा गेला, पाय आपटत. टायरवालाही उठला, तमाशा संपला होता.

ती बॉनेटच्या कडेला उभी राहिली, तो दिव्यांसमोर. मध्ये पिवळा, मऊ उजेड.

"चुकलो," तो म्हणाला. "दुकानाचं माहीत असतं तर त्याच सकाळी आलो असतो."

"ठीक आहे. आता नीट ऐक. हे दुकान मी सोडणार नाही. लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही."

"लग्न... कुणाचं?"

"डोळे दुखतायत?"

"नाही."

"मी दिसतेय?"

"पूर्ण. नाकावरच्या ग्रीससकट."

"मग विचारतोस काय कुणाचं म्हणून?"

तो दोन पावलं पुढे आला... थांबला. "दुकान सोड असं म्हणायला मी वेडा आहे का? मला इथे यायला कारण लागतं, मिस्त्री."

तिने हात लांब केला आणि त्याच्या भुवईतलं पीठ अंगठ्याने पुसलं. त्या जागी ग्रीसचा काळा पट्टा उमटला. तिने तो तसाच राहू दिला.