श्रेयाचा डावा हात

वडगाव निंबाळकरच्या डेअरीवर दूध मोजणाऱ्या झुंबरला तुम्ही पोरं 'मुका' म्हणून चिडवता ना? आज नीट ऐका, मग उद्या चिडवायचं तर चिडवा. माझ्या मेव्हणीचा मुलगा आहे तो, त्यानं सगळं मला वहीत लिहून दाखवलं, म्हणून मला ठाऊक.

गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. रात्री पावणेदोनला झुंबर थर्मास घेऊन गरम पाणी आणायला निघाला. बारामतीतला लहान मुलांचा दवाखाना, दुसरा मजला. त्याच्या दोन वर्षांच्या श्रेयाला झटके आले होते, म्हणून डाव्या हाताला कॅल्शियमचं सलाईन चालू होतं. बायको मनिषा घरी ओली बाळंतीण, त्यामुळे पोरीजवळ हा एकटाच. पोर सारखी सुई उपटायला बघायची. तेव्हा याने शहाणपणा केला, आपला मफलर तिच्या त्या हाताला कोपरापर्यंत घट्ट गुंडाळला. पोर तास-दीड तास रडली आणि मग गप्प झाली. सिस्टर हात बघायला आली, तर हा दारातच आडवा आला.

"आत्ता कुठं डोळा लागलाय, सिस्टर. नगा उठवू."

वीस पोरांमागे ती एकटी. बिचारी मागे फिरली.

जिन्याच्या वळणावर एक म्हातारी बसली होती. डोक्यावरून पदर, पाय अनवाणी. एवढ्या थंडीत तिथं कोणी बसत नाही.

"मफलर सोडलास का रं?" तिने विचारलं.

"झोपलीय ती, आजी."

"माझी नातबी अशीच झोपली व्हती… इंदापूरवरनं आणली व्हती तिला. सुई शिरंतनं निसटली. समदं औषध मांसात गेलं…"

झुंबर थबकला. मग म्हणाला, "पानी घिऊन येतो, मंग बघतो."

आणि जिना उतरला.

खाली चहाच्या गाडीवर थर्मास भरताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मफलरचं हिला कोणी सांगितलं?

तो पळाला. जिना रिकामा. खोलीत अंधार. त्यानं मफलर सोडायला घेतला. एक वेढा. दुसरा…

हात भाकरीसारखा टम्म फुगला होता. गार. निळा. वर फोड.

आणि श्रेया झोपलेलीच नव्हती. डोळे टक्क उघडे… रडायचं त्राण उरलं नव्हतं एवढंच.

पुण्याला नेलं. मांडीची कातडी काढून हाताला लावली. अकराव्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी कोणी हात बघितला असता तर… पुढचं झुंबरनं ऐकलं नाही. तेव्हापासून त्याचं बोलणं गेलं. मनिषा त्याला त्या रात्रीचं काही विचारत नाही, आणि तेच त्याला आतून खातं.

महिन्यानं तो फाईल आणायला बारामतीला गेला. श्रेया अजून पुण्यातच होती. त्या खोलीला कुलूप.

"तुम्ही गेल्यापासून कोणालाच देत नाही," सिस्टर खाली बघत म्हणाली. "दाराची काच आतून पुसून पुसून सफाईच्या मावशी दमल्या."

झुंबर दाराशी वाकला. काचेवर, आतल्या बाजूनं, दोन वर्षांच्या पोराच्या उंचीला… ओला पंजा उमटला होता. डावा.

अंगठा… आणि दोनच बोटं.