व्रणाचे मंगळवार

माझ्या डाव्या हातावर, करंगळीच्या मुळापासून मनगटापर्यंत, एक पांढरी रेघ आहे. आता ती शोधावी लागते. एके काळी मात्र ती दोरीसारखी फुगलेली, लालभडक होती... आणि ती तशीच राहावी म्हणून मी देवाला विनवत होते. वेडेपणा, दुसरं काय!

त्या जानेवारीत आमच्या डोकम गावाजवळचा कालवा चार वर्षांनी गोठला होता. बेकरीतून सुट्टी काढून मी स्केट घेऊन धावले. बर्फात रुतलेल्या लव्हाळ्याला पाय अडला, मी सपशेल आडवी झाले, आणि मागून येणाऱ्याच्या स्केटचं पातं माझ्या हातावरून सर्रकन गेलं.

"चूक माझी," तो पांढराफटक पडून म्हणाला. "वाऱ्याला आडोसा म्हणून तुझ्या पाठीशी चिकटून येत होतो."

"माझा आडोसा? अरे, तू माझ्या दुप्पट आहेस!"

हातातून रक्त गळत होतं आणि आम्ही दोघं हसत होतो. त्याने आपला मफलर माझ्या हाताला गुंडाळला. होड्या दुरुस्त करणारा वीब्रेन तो. लाजला की त्याचे कान आधी लाल व्हायचे.

टाके निघाले, पण व्रण फुगतच गेला. मूठ वळेना, पीठ मळता येईना. फेब्रुवारीपासून त्वचेवर उपचार करणाऱ्या तेत्स्केबाईंकडे दर मंगळवारी साडेचारला जायचं ठरलं. मला गाडी चालवता येत नव्हती. वीब्रेनने डायरी काढली आणि सगळे मंगळवार लिहून टाकले. आमच्याकडे सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी डायरीत लिहावं लागतं.

"सिलिकॉनची पट्टी दिवसातले निदान बारा तास," तेत्स्केबाईंनी बजावलं. "आणि मसाज. चोळायचं नाही हं! पांढरं पडेपर्यंत दाबायचं, मग हळूच गोल गोल."

परतताना गाडी बंधाऱ्यावर थांबायची. काचेवर पावसाची रिपरिप, मलमाचा वास... आणि त्याचा अंगठा माझ्या हातावर.

"दुखतं?"

"थोडं."

"थांबू मग?"

"मी थांब म्हटलं का?"

की झालेच कान लाल!

मे महिन्यात व्रण मऊ पडला. "शाब्बास!" तेत्स्केबाई म्हणाल्या. "अजून चार मंगळवार, की सुटलात दोघंही."

चारच! वीब्रेन तर कधी काही बोललाच नव्हता. चुकीची भरपाई म्हणूनच येत असणार... व्रण गेला की तोही जाणार. त्या दिवसापासून मी पट्टी लावणंच सोडलं.

दोन मंगळवार कसेबसे निभावले. तिसऱ्या मंगळवारी व्रण पुन्हा लाल, टणक.

"पट्टी लावतेस ना?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"लावते की."

"हिस्के, व्रणाला खोटं बोलता येत नाही."

गाडीत बसल्यावर वीब्रेनने विचारलं, "बरं व्हायचं नाहीये का तुला?" मी बाही व्रणावर ओढली. "माझ्या घरी जादा पट्ट्या आहेत," तो म्हणाला. " चल, आत्ताच लाव." त्याने गाडी आपल्या घराकडे वळवली.

त्याच्या आईने कॉफी दिली, आमच्याकडच्या रीतीने एकेकच बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. मला रडू फुटणार असं वाटलं, म्हणून मी संडासात शिरले. समोर वाढदिवसांचं कॅलेंडर. आमच्या घरोघरी ते तिथेच टांगलेलं असतं. त्यावर वर्ष नसतं, एकदा नाव चढलं की जन्मभराचं. आणि दुसऱ्याच्या घरी गेलं की आपलं नाव आहे का, ते प्रत्येक जण गुपचूप बघतोच. मीही ऑक्टोबरचं पान काढलं.

चौदा ऑक्टोबर – हिस्के. शाईने. त्याच्या तिरक्या अक्षरात.

बाहेर आले तेव्हा तो पट्टी कापत उभा होता.

"माझं नाव कधी लिहिलंस?"

"फेब्रुवारीत... तू बाईंकडे फॉर्म भरलास ना, तेव्हा तारीख दिसली."

"आणि बोलला नाहीस?"

"लिहिलं ना! शाईने!"

"चार महिने रोज बघतेय मी ते नाव," आतून आई ओरडली. "बोला रे एकदाचं!"

"मी पट्टी मुद्दाम लावली नाही," मी पुटपुटले. "मंगळवार संपले असते..."

त्याने कात्री खाली ठेवली. मग त्याने पट्टी माझ्या हातावर ठेवली, कडा नीट दाबल्या – आणि हात सोडलाच नाही.

"माझा बुधवारही रिकामा आहे," तो म्हणाला. "आणि गुरुवारही."

तेवीस वर्षं झाली. कालवा हल्ली गोठत नाही. तेत्स्केबाई आता नाहीत. पण मंगळवारी साडेचार वाजले की वीब्रेन कॉफी बाजूला ठेवतो आणि माझा हात ओढून घेतो.

"दुखतं?"

"थोडं," मी म्हणते. साफ खोटं.